सव्वाशे मीटर पूर्वेला

सूर्यकांत टिपणीस यांना रस्ता कुणी सांगितलेला खपत नसे. दिल्लीतल्या कुणा ओळखीच्याच्या घरी लग्न निघालं आणि पत्रिकेच्या पाठीमागे हॉलचा नकाशा छापलेला असला, की ते आधी चष्मा पुसून तो नकाशा तपासायला घेत. उत्तर दिशा कुठं दाखवलीय? रस्ते सगळे एकाच रुंदीचे कसे? मग लाल पेन्सिलीनं चुका दुरुस्त करून पत्रिका बायकोपुढे धरत आणि म्हणत, "या नकाशावर विसंबलो तर पंगती उठल्यावर पोचू." कुमुदताई पत्रिका पर्समध्ये टाकत आणि ऑटोवाल्याला सरळ हिंदीत पत्ता सांगून मोकळ्या होत.

पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे शाईनं काढले होते. साताऱ्याहून दिल्लीला आले तेव्हा चोविशीत होते. निवृत्त झाले तेव्हा मयूर विहारात कचेरीतल्याच लोकांच्या सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट, उजव्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा आणि डोक्यात एक पक्का समज एवढं त्यांच्याजवळ होतं. जग बदललं तरी नीट काढलेली रेघ चुकत नाही, हा तो समज. मोजणीवाले उन्हातान्हात फिरून आकडे आणत. ते आकडे कागदावर उतरले की खरे झाले, असं टिपणीस मनापासून मानत.

लेक एकच, अक्षया. ती सहा वर्षांची असताना तिला गोवर आला आणि पंधरा दिवस घरात कोंडून ठेवल्यावर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा बापानं गुडदाणीची वडी घरात कुठंतरी लपवली आणि तिला घराचा नकाशा काढून दिला. दोन बोटं म्हणजे एक मीटर, कपाट म्हणजे चौकोन, फुली म्हणजे वडी. तिथून हा खेळ लागला तो लागलाच. पुढं वडी डब्यात गेली, फुली सोसायटीच्या आवारात गेली, मग यमुनेच्या काठच्या काकडीच्या वाड्यांपर्यंत गेली. कधी बाप लपवी, कधी लेक. खेळाचे नियमही ठरले. शोधणाऱ्यानं खूण विचारायची नाही. लपवणाऱ्यानं ती सांगायची नाही. आणि डब्यात जे मिळेल त्याचं उत्तर द्यायचं. सापडेपर्यंत त्या विषयावर घरात चकार शब्द काढायचा नाही.

वडीच्या जागी पुढं दुसऱ्याच गोष्टी आल्या. नववीत अक्षयाला गणितात एकतीस गुण मिळाले, तेव्हा बापाच्या चपलेत सकाळी एक नकाशा सापडला. पंपाच्या खोलीमागे, विटेखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत पेपर होता. टिपणीसांनी तिथंच उकिडवं बसून पेपरावर सही केली आणि खाली लिहिलं, "रोज संध्याकाळी सात वाजता बसायचं. रागावलो नाही." इंजिनीअर व्हायचं नाही, हेही तिनं असंच कळवलं. तोंडावर जे बोलायची दोघांनाही धडकी भरे, ते सगळं नकाशातून सुरळीत पार पडे. आणि वीस वर्षांत टिपणीसांना डबा सापडला नाही असं एकदाही झालं नाही. अक्षया मैत्रिणींना सांगे, "माझ्या बाबांपासून काही लपवायचं म्हणजे वेळ फुकट घालवणं आहे, यार."

नव्वदनंतर गुडगावला काचेच्या इमारती उठल्या. त्यातल्या एकीत अक्षयाला नोकरी लागली. तिथंच तिला गौरव भेटला, आणि दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात तिनं घरी फोन करून सांगितलं की आम्ही आज कोर्टात लग्न केलं. टिपणीस फोनवर एकच वाक्य बोलले, "मग आता या घरचा रस्ता विसर." आणि फोन ठेवला. पोरीनं परस्पर लग्न केलं याचा राग होताच, पंजाबी जावयाचाही होता. पण खरी जखम निराळी होती आणि ती त्यांनी कुमुदताईंनाही दाखवली नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि पोरीनं नकाशा ठेवला नव्हता.

पंधरा महिने बापलेक बोलले नाहीत. अक्षया येई ती बाप सकाळी फिरायला गेल्यावर, आणि तो परत यायच्या आत निघून जाई.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत, बासष्टाव्या वाढदिवशी, टिपणीस फिरून आले तर जेवणाच्या टेबलावर एक खोकं होतं. कुमुदताई ओट्याशी उभ्या होत्या, पाठ करून.

"अक्षया येऊन गेली," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी ठेवलंय. आणि माझा लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन गेली मागच्या आठवड्यात, तो कशाला ते आता कळलं मला."

खोक्यात मुठीत मावेल एवढं जीपीएसचं यंत्र होतं. सोबत एक चिठ्ठी. अक्षांश-रेखांशाचे आकडे आणि खाली तिचं तेच डावीकडे झुकलेलं अक्षर. "बाबा, डब्यात एक प्रश्न आहे. एकवीस मार्चला आम्ही कॅनडाला जातोय, कायमचे. त्याच्या आत उत्तर हवं. नियम तेच."

कुमुदताईंनी सांगितलं ते असं, की जगभर लोक आता हा खेळ खेळतात. डबे लपवायचे, आकडे इंटरनेटवर टाकायचे, कुणीही यंत्र घेऊन जावं आणि शोधावं. अक्षयाच्या ऑफिसातल्या परदेशी लोकांनी तिला तो दाखवला तेव्हा ती हसत सुटली होती, म्हणे हा तर आमच्या घरचा खेळ. हा डबा मात्र तिनं इंटरनेटवर टाकला नव्हता. तो एकट्या बाबांसाठी होता.

टिपणीसांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बराच वेळ यंत्र नुसतं हातात धरून बसले. बायकोला चेहरा दिसू नये एवढ्यासाठी. पोर रस्ता विसरली नव्हती. माणूस आनंदानं इतका लुळा पडतो हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं.

आता या माणसानं त्याच दिवशी आकडे यंत्रात टाकून बाण दाखवील तिकडं चालायला लागायचं होतं. पण नकाशा पारखून घेतल्याशिवाय पाऊल उचलेल तो टिपणीस कसला! यंत्रात मुळात जो नकाशा होता, त्यात अख्खी दिल्ली म्हणजे एक ठिपका आणि त्यातून आरपार गेलेल्या तीन रेघा. तो पाहून ते इतके चिडले की कुमुदताईंना वाटलं, पोरीशी पुन्हा बिनसलं. दुसऱ्याच दिवशी ते करोल बागेत गेले. तिथं गाड्यांच्या सामानाच्या बाजारात अशोकजी म्हणून एक दुकानदार होते, सीटकव्हरं आणि स्टिरिओ यांच्याबरोबर जीपीएसचे नकाशेही विकणारे. अशोकजींनी त्यांना चहा पाजला आणि एक सीडी दाखवली. मोटारवाल्यांसाठी केलेला दिल्लीचा नकाशा, रंगीत, गुळगुळीत.

अक्षयाचे आकडे द्वारकेच्या टोकाला पडत होते, शेवटच्या सेक्टरांच्याही पलीकडे. टिपणीसांनी तो भाग काउंटरवरच्या स्क्रीनवर मोठा करून पाहिला. जिथं अजून वीज पोचली नव्हती तिथं नकाशात शॉपिंग सेंटर होतं, हॉस्पिटल होतं, दोन बागा होत्या.

"ये तो प्लॅन देख के बनाया है," टिपणीस म्हणाले. "ज़मीन देख के नहीं."

"तो फिर अंकलजी, ये वाला ले जाओ," अशोकजींनी खणातून एक साधी सीडी काढली. वर पेननं काहीतरी खरडलेलं. "शौकिया लोगों ने बनाया है, पैदल चल-चल के. जो देखा, सो डाल दिया. मुफ़्त है. मेरे पास जो डब्बे ढूँढने वाले आते हैं, सब यही डलवाते हैं."

टिपणीसांनी सीडी घेतली, पण भिडेखातर. हौशी लोकांनी चालता चालता काढलेला नकाशा! उद्या घरी येऊन इंजेक्शनही देतील. घरी आल्यावर ती सीडी त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीखाली सरकवली. अक्षयाचा जुना संगणक कोपऱ्यात होता, तोही त्यांनी उघडला नाही.

कारण त्यांच्याकडे तिसरा नकाशा होता. कपाटावरच्या पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेली एक शीट, चौऱ्याहत्तर साली त्यांनी स्वतः शाईनं काढलेली. छपाईत एक रंग सरकला म्हणून ती प्रत रद्द झाली होती आणि त्यांनी मागून घेतली होती. द्वारका तेव्हा नव्हती. गावं होती, शेतं होती, बाभळीचं रान होतं, आणि एका कडेला निळ्या शाईतलं एक नखाएवढं वर्तुळ, विहिरीचं. अक्षया लहान असताना ही शीट जमिनीवर पसरून ते तिला दाखवत. "ही विहीर बघ. मी ही कधी पाहिली नाही, पण एका फटक्यात वर्तुळ पूर्ण केलंय. पेन उचललेलं नाही." पोर त्या वर्तुळावर बोट ठेवून बसे.

शीट काखेत मारून, बसनं इंद्रप्रस्थ आणि तिथून मेट्रोनं द्वारका गाठून, टिपणीस फेब्रुवारीच्या अखेरीला पहिल्यांदा तिथं उतरले. आधी त्यांनी परीक्षा घेतली. जुन्या रेल्वे फाटकावर उभं राहून यंत्राचे आकडे वाचले आणि ते शीटवर मांडले. फाटकाच्या खुणेपासून ठिपका अडीच मिलिमीटर बाजूला पडला. कचेरीत अर्ध्या मिलिमीटरसाठी त्यांनी कनिष्ठांना शीट पुन्हा काढायला लावली होती. म्हणजे यंत्र चुकत होतं, हे उघडच होतं. तिथंच दगडावर बसून त्यांनी यंत्रातली एकेक यादी चाळली आणि शेवटी एका यादीत, देशोदेशींच्या नावांत, भारताचं नाव असलेली एक मोजपद्धत सापडली. ती लावली. पुन्हा आकडे मांडले. ठिपका फाटकावर बसला, केसाचाही फरक नाही.

टिपणीसांना किती बरं वाटलं म्हणता! जगातल्या कुठल्याशा कारखान्यात बनलेलं यंत्र शेवटी त्यांच्या रेघेपुढं नमलं होतं. त्याच खुशीत त्यांनी अक्षयाची चिठ्ठी काढली आणि तिचे आकडे यंत्रात टाकले. बाणानं दिशा दाखवली आणि ते निघाले.

बाण त्यांना विहिरीजवळून पुढं, बाभळीच्या जाळीत घेऊन गेला. काटेच काटे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, मोकाट कुत्री. यंत्र "पोचलात" म्हणालं तिथं एक खळगा होता. टिपणीसांनी खळगा उकरला, भोवतालच्या बुंध्यांची पोकळी हातानं चाचपली, दगड उलटे केले. काही नाही. संध्याकाळी हात रक्ताळून घरी आले आणि कुमुदताईंना म्हणाले, "पोरगी हुशार झालीय. सोपं नाही ठेवलेलं."

दुसऱ्या खेपेला खुरपं नेलं. तिसऱ्या खेपेला दोरी आणि खुंट्या नेऊन त्यांनी खळग्याभोवतीची जमीन चौकटींत आखली आणि एकेक चौकट उकरून काढली. दुपारी दमले की मागं येऊन विहिरीच्या कठड्याला पाठ टेकत. कठड्यावर वाकलेला एक जुना कडुनिंब होता, दाट सावलीचा. कुमुदताईंनी दिलेली पोळीभाजी ते तिथं खात, बाटलीतलं पाणी पीत, आणि पुन्हा जाळीत शिरत. ही आपणच काढलेली विहीर, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. शीटवर पडताळून पाहिलं, वर्तुळ जागेवर आहे म्हणून समाधान पावले, आणि विषय संपला. पोरीनं डबा ठेवायला जागा कुठली निवडली असेल, हे त्यांच्या मनात येऊ नये? पण मनात येतं त्यावर टिपणीसांनी कधी भरवसा ठेवलाच नव्हता. आकडे जाळीकडे बोट दाखवत होते आणि आकडे शीटशी जुळत होते.

पूर्वेकडून एक पिवळं यंत्र माती ओढत रोज थोडं थोडं जवळ येत होतं. बिल्डरचा पहारेकरी एकदा विचारून गेला, "क्या ढूँढ रहे हो, बाबूजी?"

"नाप ले रहा हूँ," टिपणीस ताठ मानेनं म्हणाले.

घरी कुमुदताई दिवस मोजत होत्या. "अहो, फोन करा ना तिला. म्हणावं नाही सापडत, एक खूण सांग. काय बिघडतं?"

"नियम आहे."

"पोर चाललीय कायमची, आणि तुम्ही नियम घेऊन बसलात?"

"तिनंच लिहिलंय नियम तेच म्हणून. आणि आजवर कधी विचारली नाही खूण, आता म्हातारपणी विचारू?"

सहा खेपा झाल्या. पुढं पुढं त्यांना झोप लागेना. कधी वाटे, डबा कुणी कचरा वेचणाऱ्यानं नेला. कधी वाटे, अक्षयानंच आकडा चुकवला, नाहीतरी गणितात कच्चीच. मग स्वतःचीच शरम वाटे. डब्यात काय प्रश्न असेल याचा त्यांनी हजारदा विचार केला आणि दर वेळी एकाच जागी आले. ती विचारत असेल, बाबा, मला माफ केलंत का? त्याचं उत्तर तर त्यांच्याजवळ तयार होतं. यंत्र हातात आलं त्या सकाळपासून तयार होतं.

पाडव्याला नोएडाहून राजाभाऊ आले. एकाच कचेरीतले, टिपणीस रेघा काढत तेव्हा राजाभाऊ हिशेबाच्या खोलीत बसून मोजणीचे आकडे जुळवत. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन त्यांनी टेबलावरचं यंत्र उचललं, दोन बटणं दाबली आणि हसले.

"अरे सूर्या, हे इंग्रजांच्या हिशेबावर कुणी लावून ठेवलं?"

"कुठल्या हिशेबावर?"

"आपल्या जुन्या शीटच्या. पृथ्वी नेमकी किती फुगीर, याचं इंग्रजांनी धरलेलं माप निराळं आणि उपग्रहांचं निराळं. आकडे तेच राहिले तरी जमिनीवरची जागा सरकते. जुनी शीट वाचायला ठीक आहे ही सेटिंग, पण आजकालच्या कुणी आकडे दिले आणि तू ते यात टाकलेस, तर पार भलतीकडे जाशील."

"किती भलतीकडे?" टिपणीसांनी विचारलं.

राजाभाऊंनी वाटी खाली ठेवली, पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली. "दिल्लीत म्हणशील तर सव्वाशे मीटर. खरी जागा तू पोचशील त्याच्या पूर्वेला."

राजाभाऊ गेल्यावर टिपणीसांनी टेलिफोन डिरेक्टरीखालची सीडी काढली. अक्षयाचा संगणक सुरू करायला पाव तास गेला. हौशी लोकांचा तो नकाशा उघडला, द्वारकेच्या टोकापर्यंत सरकवला. पायवाटा होत्या, फाटक होतं, बाभळीची जाळी हिरव्या रंगात होती. आणि जाळीच्या पूर्वेला एक ठिपका होता. ज्यानं तो टाकला त्यानं त्याला नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी. बाबांची विहीर.

त्यांनी कुमुदताईंना हाक मारून तो ठिपका दाखवला. सहा दिवस ते त्या कठड्याला पाठ लावून जेवले होते.

दुसऱ्याच दिवशी, वीस तारखेला, सकाळी पहिल्या मेट्रोनं ते गेले. यंत्र नीट लावलेलं, हौशी नकाशा भरलेला. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून बाण सरळ, न डगमगता विहीर दाखवत होता. शेवटचा किलोमीटर ते जवळजवळ धावले, या वयात, हातात पिशवी घेऊन.

निळ्या पत्र्यांचं कुंपण आडवं आलं. चार दिवसांपूर्वी ते तिथं नव्हतं. फाटकाशी तोच पहारेकरी होता.

"कुआँ?" तो म्हणाला. "वो तो परसों ही गया, बाबूजी. नीम भी. नीचे पार्किंग बन रही है."

"एक स्टील का डब्बा था. कुएँ के पास."

"सारा मलबा ट्रक में गया."

"कहाँ?"

पहारेकऱ्यानं हात हवेत फिरवला. मग म्हाताऱ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पत्रा जरा बाजूला करून त्यांना आत घेतलं. दोन मजले खोल खड्डा होता. खाली ट्रक फिरत होते. टिपणीस काठावर उभे राहिले. बाण खड्ड्याच्या मधोमध, रिकाम्या हवेत रोखलेला होता आणि खाली आकडा होता, चौदा मीटर. यंत्र आता बिनचूक होतं. ते तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. पहारेकरी पाणी घेऊन आला. त्यांनी ते घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी अक्षयाचा फोन आला. आईशी दोन शब्द बोलली आणि म्हणाली, बाबांना दे. सोळा महिन्यांनी बापलेक एकमेकांचा आवाज ऐकत होते.

"बाबा, डबा मिळाला?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? एक शब्द. कुमुदताई समोर उभ्या होत्या, त्यांना सगळं ठाऊक होतं, त्या मानेनं खुणावत होत्या, सांगा, सांगून टाका. पण वीस वर्षांत जो शब्द त्या तोंडून एकदाही निघाला नव्हता तो तेव्हा तरी कुठून निघणार? आणि असंही वाटलं त्यांना, की प्रश्न तर आपल्याला माहीत आहे. पोरीच्या शेवटच्या दिवशी तिचा खेळ कशाला मोडायचा?

"मिळाला," टिपणीस म्हणाले.

अक्षयानं लगेच विचारलं, "मग?"

"मग काय," ते म्हणाले. मनात होतं त्यापेक्षा शब्द कोरडे निघाले. "झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही. तू सुखानं जा."

मग अक्षया म्हणाली, "अच्छा. ठीक आहे बाबा." आणि फोन ठेवला.

टिपणीसांनी रुमालानं डोळे पुसले आणि बायकोला म्हणाले, "निभावलं."

दुसऱ्या दिवशी ते विमानतळावर गेले नाहीत. समोरासमोर डब्यातल्या चिठ्ठीची गोष्ट निघाली तर पकडले जाऊ, ही भीती. डोकं दुखतंय म्हणाले. कुमुदताई एकट्याच गेल्या. विमान पहाटेचं होतं. त्या सकाळी परत आल्या. चप्पल न काढता आत आल्या आणि त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या.

"काय लिहिलं होतं तिनं, माहितीय?"

टिपणीसांनी वर पाहिलं.

"आत जायच्या आधी गळ्यात पडून सांगितलं तिनं. तो हात उचलतो तिच्यावर. वर्ष झालं. मलासुद्धा बोलली नाही ती, म्हणाली बाबांनी रस्ता विसर म्हटलं होतं, तर आधी बाबांनी हो म्हणायला हवं. लिहिलं होतं, बाबा, मला कॅनडाला जायचं नाहीये. मी घरी येऊ का?" कुमुदताईंचा आवाज चिरला. "आणि तुम्ही म्हणालात, सुखानं जा."

त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. ते दोघं दोन खोल्यांत बसून राहिले.

कॅनडाचा नंबर मिळायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस टिपणीसांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फोन लागला तेव्हा तिकडं सकाळ होती. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"अक्षया, मी खोटं बोललो. मला डबा मिळालाच नव्हता. तू ये. आजच निघ. तिकीट मी पाठवतो. ऐकतेयस ना? मला मिळाला नव्हता डबा."

पलीकडून अक्षयाचं हसू ऐकू आलं. थकलेलं, मायेचं. "बाबा, तुम्हाला डबा मिळाला नाही असं कधी झालंय का?"

"अगं खरंच सांगतो. सव्वाशे मीटर चुकलो. मी विहिरीशी बसायचो, कडुनिंबाखाली, रोज तिथं जेवायचो, आणि डबा..."

"म्हणजे विहिरीपर्यंत पोचला होतात," ती हळूच म्हणाली.

टिपणीस पुन्हा सांगायला गेले, पण ती बोलतच राहिली.

"आईनं सांगितलं असणार तुम्हाला सगळं, म्हणून आता असं बोलताय. राहू दे, बाबा. तुम्ही जे खरं वाटलं ते तेव्हा सांगितलंत. मला राग नाही आलेला. पण माझ्यासाठी उगाच खोटं नका बोलू. तुम्हाला जमत नाही ते."

"अक्षया..."

"गौरव उठला. ठेवते मी."